जड म्हणायचं नाही

सगळ्या मंडळीला एवढंच माहीत आहे की आमच्या भावजींच्या हातून पेटी सुटली. एवढा ताकदीचा माणूस, आणि चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, बेकरीवाल्याच्या आईची शवपेटी. परवा शोकसभेत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच बोलतात. पण ज्याच्या त्याच्या तोंडावर मला तेच दिसत होतं. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीच्या पत्रकात घरच्यांपैकी कुणीतरी लिहा. आमचे हे म्हणाले, तूच लिही, तुला बोलायला काय लागतं. मी शाळेत फार गेले नाही. मोबाइलवर एका बोटाने लिहितेय, तोंडात येतंय तसं. चुका असतील त्या पाळकसाहेबांनी काढाव्यात. पेटीचा भाग मात्र काढू नये.

भावजी म्हणजे यांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हापासून ते आमच्यातच, आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. फरशांच्या गोदामात कामाला होते. फरशांचे खोके दोघं दोघं मिळून उचलायचे, भावजी एकटे उचलायचे. तिथंच त्यांना जॅक नाव पडलं. गाडीचं चाक बदलताना खाली लावतात ना, तो जॅक. मंडळीतसुद्धा सगळे जॅकच म्हणायचे. पाळकसाहेबांनी एकदा व्यासपीठावरून चुकून तेच नाव घेतलं आणि पुढे प्रार्थनेत पण तेच आलं. भावजी म्हणाले, "असू दे वहिनी, देवाला माहितीये कोण ते."

चर्चच्या मागे मोडक्या बाकांची खोली होती, ती त्यांनी साफ केली. तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून मध्ये पाइप घातला, तो झाला बार. वाळूची पोती शिवून घेतली, शिंप्याकडून, फुकटात, आणि वर शिंप्यालाच उचलायला लावली. कामावरून सुटलं की तिथे जमायचे सगळे. शिंपी, बेकरीवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, आमचे हे. तिथला नियम असा की वजन उचलायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायची, आणि आमेन होईपर्यंत वजन खाली ठेवायचं नाही. बैठका काढतानाही तसंच. श्वास आणि शब्द बरोबर.

एकदा पाळकसाहेब बघायला गेले. भावजी म्हणाले, साहेब, आज तुम्ही प्रार्थना करा. सगळ्यांनी बार उचलले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. आजारी झाले, विधवा झाल्या, परीक्षेला बसलेली मुलं झाली, मग परदेशी गेलेले. सगळ्यांचे पाय लटलटा कापतायत. शेवटी बेकरीवाल्यानेच मोठ्याने "आमेन" म्हटलं आणि डबे दाणकन खाली. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "अजून सरकार राहिलं होतं." हा किस्सा भावजी जेवताना सांगायचे आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा.

पण उगाच नव्हतं ते. नवीन कुणी आला की त्याला आधी एक गोष्ट सांगायचे. भावजी लहान असताना त्यांचे वडील न्हाणीघरात पडले. घरात भावजी एकटेच. आमचे हे कामाला लागले होते, सासूबाई पण कामावर. वडील अंगाने भारी. पोराने काखेत हात घातले, ओढलं, पाय घसरले, पण ते काही हलले नाहीत. मग पोरगं बाजूला बसून हात जोडून प्रार्थना करत राहिलं. सासूबाई आल्या तोवर उशीर झाला होता. भावजी म्हणायचे, "देवाने तेव्हा माझ्याकडे जोडलेले हात मागितले नव्हते, हातातला जोर मागितला होता. तो नव्हता माझ्याकडे. परत मागेल तेव्हा असला पाहिजे. हाक आल्यावर तयारी करतो म्हणून चालत नाही."

आणि दुसरी गोष्ट शास्त्रातली. त्या लुळ्या माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून नेलं, दारात गर्दी म्हणून छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडलं, ती. भावजी त्या चौघांबद्दल असं बोलायचे जसे काय ते गोदामातलेच. "दोरी धरून खाट सोडताना कोपरा एक बोट खाली जाऊ दिला नसेल त्यांनी. पाठ बघा काय असेल एकेकाची."

आपल्या मंडळीत पेटी गाडीवर नेत नाहीत, हातांनी नेतात, चर्चच्या पायऱ्या उतरून थेट कबरस्तानापर्यंत. घरच्यांनी हात लावायचा नाही, त्यांनी मागून चालायचं. हे सगळ्यांना माहीत आहे. पण उचलणाऱ्यांचा नियम भावजींनी घातला होता. जड म्हणायचं नाही. कण्हायचं नाही, थांब म्हणायचं नाही. का, तर मागून त्या माणसाची मुलंबाळं चालत असतात. "कुणाच्या आईला आपण जड म्हणायचं? तिच्या लेकराने ते ऐकायचं?" हात भरून आला तर मोठ्याने प्रार्थना सुरू करायची, बाकीच्यांनी सूर धरायचा. स्वतः ते कायम पुढे डावीकडे. पायऱ्या उतरताना सगळा भार पुढच्यांवर येतो म्हणून.

मला तेव्हा नियम फार आवडला होता. अजूनही त्यात वाईट काही दिसत नाही. पण त्याच नियमाने घात केला.

झालं असं की पेटी सुटली त्या वर्षी भावजींच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी कप. मग बरणीचं झाकण उघडेना. मला म्हणाले, "वहिनी, हाताला तेल आहे, तुम्ही बघा जरा." मी उघडली सहज. हात कोरडे होते त्यांचे, मी पाहिलं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. तर म्हणे, "सराव कमी पडतोय." आणि सराव वाढवला. सकाळी उठून प्रार्थना, जोर, परत प्रार्थना. मी भांडी घासताना ऐकायची, आत डाव्या हाताची मूठ मिटायचे, उघडायचे आणि पुटपुटायचे. त्यांना वाटत होतं विश्वास कमी पडतोय म्हणून जोर उतरतोय. असं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला घरच्या माणसाचं कळतं.

मग बेकरीवाल्याची आई गेली. बेकरी आमच्या समोरच, रस्ता ओलांडला की. म्हातारी आम्हा सगळ्यांवर डाफरायची, पण पाव द्यायची तर वर एक टाकूनच. भावजी पेटीला लागले, पुढे डावीकडे, नेहमीसारखे. मी बायकांत मागे. वरच्या पायरीवर त्यांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली तेव्हाच मी टाचा उंच करून पुढे बघायला लागले. इतक्या लवकर ते कधी सुरू करायचे नाहीत. बाकीचे म्हणायला लागले. आवाज चांगला घुमला, बायकांनी डोळ्याला पदर लावले. आणि प्रार्थना अर्ध्यावर असताना पेटीचा कोपरा खाली गेला.

पायरीवर आपटला. दगडाचा टवका उडाला, तो अजून तिथे तसाच आहे, जाताना सगळे बघतात. झाकण सरकलं. म्हातारीची चप्पल बाहेर आली, घरात घालायची तीच घातली होती तिला. बेकरीवाल्याची बहीण किंचाळली. भावजी उभे होते, डावा हात उघडा धरून, त्या हाताकडे बघत. जसा काय दुसऱ्याचा हात कुणी त्यांना धरायला दिला होता. शिंप्याने त्यांना बाजूला केलं, त्यांची जागा लिफ्टवाल्याने घेतली. बेकरीवाला खाली वाकला, आईची चप्पल उचलली, आत घातली, झाकण नीट केलं. जॅककडे त्याने पाहिलंच नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. आमच्या यांनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

त्या दिवसापासून भावजी चर्चला गेले नाहीत. मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले शिंप्याला द्या. पलंग खिडकीपासून ओढून भिंतीला लावला, समोर बेकरी दिसते म्हणून. पाव खाणं सोडलं. रविवारी घंटा वाजली की उठून कपाटातले कपडे काढायचे, घड्या घातलेलेच परत घड्या घालायचे.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या. नसांचा आजार निघाला. स्नायू सुकत जातात, औषध नाही, हातानंतर पाय, पुढे श्वास. तुम्ही म्हणाल आता तरी लाज गेली असेल. आजार होता, माणसाचा काय दोष. मंडळीतले आले तेही हेच म्हणाले. पाळकसाहेब म्हणाले, "तुझी काही चूक नव्हती." भावजी मान खाली घालून ऐकायचे. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, पेटी आजाराने नाही पाडली. वरच्या पायरीवरच मला कळलं होतं हात जातोय. मी बोललो नाही. हात बदला एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. नियम माझाच, मी कसा मोडू? प्रार्थना सुरू केली. देवाचं नाव घेऊन मी माझी लाज झाकली, आणि ती बाई पडली."

मी भाजी निवडत बसले.

पाय गेले तसे ते घरातच अडकले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, लिफ्ट दुरुस्त करणारा ओळखीचा असून उपयोग काय. त्यांना एकच हवं होतं. मरायच्या आधी एकदा चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यायचं, ती भाकर, तो द्राक्षरस. पाळकसाहेब घरी घेऊन यायला तयार होते, तर नको. तिथेच, सगळ्यांबरोबर घ्यायचं. मी म्हटलं, मग शिंप्याला सांगते, चौघं जण खुर्ची उचलून नेतील, त्यात काय. तर चेहराच उतरला. "त्या पायऱ्यांवरून? मला उचलून? लोक काय बघतील, वहिनी, जॅकला धरून आणलाय? मी चालत जाईन नाहीतर जाणार नाही." चालत तर ते बाथरूमपर्यंत जेमतेम जात होते. आमच्या यांनी समजावलं, ओरडले, एकदा रडले सुद्धा. दगडावर पाणी.

एक दिवस दुपारी ते बाथरूममध्ये पडले. हे कामावर. मी धावले तर दाराला कडी नव्हती, एवढं बरं. ओल्या फरशीवर कुशीवर पडलेले, अंगावर काही नाही. मी आधी टॉवेल टाकला. काखेत हात घातले, ओढलं. वाळले होते तरी हाडं मोठी, आणि मला कंबरेचं दुखणं. हलेनात. मी म्हटलं, थांबा, कुणाला तरी हाक मारते.

"नको."

"अहो नको काय, नको? ओलं आहे सगळं."

"दादा येईल तेव्हा येईल. तोवर राहू दे. वहिनी, पाया पडतो, कुणाला बोलवू नका."

दिराला असं बघायची मला लाज, त्यांना माझी लाज. मी उंबऱ्यावर बसले, तोंड बाहेर करून. हे यायला खूप अवकाश होता. नळ टपटपत होता. त्यांचे दात वाजायला लागले. मला आपलं काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, खरंच मनात काही नव्हतं. म्हटलं, "भावजी, मामंजी पडले होते तेव्हा तुम्ही असेच बसला होतात ना? काय म्हणत होते ते?"

दात वाजायचे थांबले. मला वाटलं शुद्ध गेली. मी वळून पाहिलं तर डोळे उघडे.

"म्हणत होते, कुणाला बोलवू नकोस."

"म्हणजे?"

"अंगावर कपडा नव्हता. म्हणाले, शेजारी येतील, बघतील, कुणाला बोलवू नकोस. आणि मी नाही बोलवलं. शेजारी घरात होते, वहिनी. त्यांच्या भांड्यांचा आवाज येत होता मला." मग म्हणाले, "मी आयुष्यभर सांगत आलो की जोर नव्हता. एवढ्याशा पोरात कुठून असणार जोर? हाक मारायला जोर लागत नाही." आणि रडायला लागले. हात हलत नव्हते, त्यामुळे तोंडही झाकता येईना.

मी म्हटलं, "आता मारू का?"

म्हणाले, "मारा."

मी खिडकीत गेले. समोर कोण असणार? मी घाबरतच ओरडले, "अहो बेकरीवाले, वर या, जॅक पडलाय!" तो पिठाच्या हातानेच धावत आला, त्याचा भट्टीवरचा माणूसही मागोमाग. मला बाहेर काढलं. आतून आधी काही ऐकू येईना. मग बेकरीवाल्याचा आवाज, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा, "अरे देवा, काय जड आहे रे हा! कंबर गेली माझी! ए, तू पाय धर की नीट, बघतोस काय!" कण्हणं, कुथणं, सगळं. मी कानावर हात ठेवणार, तर आतून भावजींचं हसू आलं. त्या पेटीनंतर पहिल्यांदा. हसता हसता ठसका, तोच.

पलंगावर निजवलं, चादर घातली. बेकरीवाला धापा टाकत खुर्चीत बसला. सगळ्या अंगावर पीठ, भावजींच्या केसांतही.

भावजी म्हणाले, "तुझ्या आईला मी..."

"आई जडच होती माझी," बेकरीवाला म्हणाला. "मीच खायला घालून केली होती. मला काय माहीत नव्हतं?" मग हाताचं पीठ झटकत म्हणाला, "तू बोलला असतास तर मी मागून येऊन धरलं असतं. माझीच आई ना? नियम गेला उडत. तुला एकदा हाक मारावीशी वाटली नाही, त्याचा राग होता मला. पडण्याचा नाही."

"माफ कर."

"बघू," बेकरीवाला म्हणाला. असंच म्हणाला, मी खोटं कशाला सांगू? "रविवारी येतोयस का ते सांग."

"उचलून?"

"नाही, उडत. अरे, त्या चौघांची गोष्ट सांगून सांगून डोकं खाल्लंस आमचं. खाटेवर पाचवा होता ना एक? तो म्हणाला असता, मला नेऊ नका, लोक बघतील, तर त्या चौघांनी छप्पर उघडून काय वारा घ्यायचा होता?"

भावजी छताकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "वहिनी, पांढरा शर्ट धुतलाय का?"

त्या रविवारी तुम्ही सगळे होतात. बेकरीवाला, शिंपी, लिफ्टवाला आणि आमचे हे, चौघांनी जेवणाच्या खुर्चीवरून आणलं त्यांना. तुम्हाला दिसलं असेल की पायऱ्यांच्या मध्यावर खुर्ची थांबली, पण काय बोलणं झालं ते खाली ऐकू गेलं नसेल. तो टवका उडालेली पायरी आली तेव्हा भावजी म्हणाले, "थांबा. कुणाचा हात भरून आलाय?" कुणीच बोलेना. चौघंही घामाघूम, शिंप्याची मान लाल, आणि चौघांच्या तोंडात मिठाची गुळणी. शिकवणच तशी होती त्यांची. भावजी चिडले. "बोला की रे! मेलात काय? मी शिकवलं ते चुकीचं होतं. बोला!"

तेव्हा शिंपी म्हणाला, "माझा. कधीचाच."

खुर्ची त्याच पायरीवर टेकवली. हात बदलले. सगळी मंडळी बघत होती आणि भावजी मान खाली घालून बसले होते, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. आत प्रभुभोजन घेतानाही त्यांनी मान वर केली नाही. कुणी म्हणालं, आता मन मोकळं झालं असेल. नाही झालं. लाज होतीच, शेवटपर्यंत होती. आधी लाज जाईपर्यंत घरी बसायचं असं होतं, त्या दिवशी ते लाजेसकट आले, एवढाच फरक. परत नेताना मला म्हणाले, "व्यायामापेक्षा हे अवघड आहे हो." आणि पुढच्या रविवारी परत शर्ट मागितला. श्वास पुरला तोवर मागत राहिले.

परवा भावजींची पेटी उतरवताना आमचे हे आणि मी मागून चालत होतो, घरचे म्हणून. पुढे डावीकडे बेकरीवाला. प्रार्थना कुणी सुरू केली नाही. त्या पायरीवर आल्यावर बेकरीवाला मोठ्याने म्हणाला, "जड आहे. थांबा, हात बदला." सगळे थांबले. लिफ्टवाला पुढे आला. मागे कुणीतरी बाई चुकचुकली, असं कसं बोलतात म्हणून.

मी आणि यांनी ऐकलं. यांनी माझा हात धरला. वाळून काडी झालेला माणूस, पेटीत काय वजन असणार, पण लाकूड भारी होतं. दोघांनी हात बदलला, कोपरा वर झाला, आणि मग सगळे खाली उतरलो.